मूळपुरुष

भवानी मंडपाजवळच्या चहाच्या गाड्यावर एखाद्या पाहुण्याने "कोल्हापूर हे नाव कशावरून पडलं हो?" असं सहज विचारलं की गाडेवाला त्याचा दुसरा चहा न विचारताच भरतो. त्याला ठाऊक असतं, आता कोपऱ्यातल्या बाकावरून मूळपुरुष उठणार आणि पाहुण्याची एसटी चुकणार.

'मूळपुरुष' हे पेठेने ठेवलेलं नाव. खरं नाव रेशनकार्डावर आहे म्हणतात. खांद्याला शबनम, तिच्यात करवीर माहात्म्याची कव्हर घातलेली पोथी आणि वादाला लागतील तशी कात्रणं. देवीच्या प्रत्येक गावात असा एक गृहस्थ असतो. तुळजापुरात तो 'त्वरिता'पासून तुळजेपर्यंत येतो. आमचा कोल्हासुरापासून निघतो आणि कुठेच पोचत नाही.

"मूळ वेगळंच आहे," हे त्यांचं पहिलं वाक्य. तुम्ही अगदी बरोबर बोललात तरी मूळ वेगळंच असतं. मग कोल्हासूर मातायला लागतो, देवी त्याला लोळवते आणि मरता मरता तो वर मागतो, या क्षेत्राला माझं नाव राहू दे. इथे मूळपुरुषांचा गळा दाटतो. "जिंकली आई, आणि पाटीवर नाव कुणाचं? पडलेल्या गड्याचं!" पडलेल्यांविषयी त्यांना फारच माया. आजवर त्यांनी मत दिलेला एकही उमेदवार निवडून आलेला नाही.

एकदा इतिहासाचा एक विद्यार्थी भीतभीत म्हणाला, "काका, 'कोल्ल' म्हणजे दरी, खोलगट जागा, असंही अभ्यासक सांगतात."

"असंल की! पण दरी पडली कशानं? एवढा राक्षस आदळला तो काय कापसावर?"

त्यांची खरी ताकद ही. ते अभ्यासकांना खोडत नाहीत, पोटात घालतात. एकाच शब्दावर मात्र त्यांचं डोकं फिरतं. शिलाहारांच्या काळातल्या लेखांत या गावाला 'क्षुल्लकपूर' म्हटलेलं आढळतं. क्षुल्लक हे जैन साधकाचं पद आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण ते समजून घेण्याइतका वेळ कुणाकडे आहे? "कोल्हापूरला क्षुल्लक म्हणणारा माणूस कोल्हापूरचा असूच शकत न्हाई," असा निकाल देऊन ते चहा ओततात.

तसंच 'महालक्ष्मी' म्हणायचं नाही. अंबाबाई. एका पुणेकर बाईंना त्यांनी ओवरीत बसवून समजावलं, की ही विष्णूची बायको नव्हे, आदिशक्ती आहे. मुंबईला जाताना तिकीट महालक्ष्मी एक्स्प्रेसचं काढावं लागतं, हे त्यांचं जुनं दुखणं.

आणि तरीही पोसायडनच्या बाबतीत त्यांनी कमालच केली. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा ग्रीकांच्या त्या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. सातवाहनांच्या काळात इथला व्यापार रोमपर्यंत पोचला होता याची ती खूण. आता ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. मूळपुरुष तिच्यापुढे हात जोडून म्हणाले, "व्यापार कसला घेऊन बसलाय? लक्ष्मी कुणाची लेक? समुद्राची. बाप लेकीला भेटाय आलाय."

"पण आपली लक्ष्मी नव्हे ना, काका?"

"ते भांडण वेगळं!"

रंकाळ्यावर नेलंत तर संध्याकाळ गेलीच. तिथला नंदी रोज गव्हाभर तळ्याकडे सरकतो, तांदळाभर मागे येतो आणि ज्या दिवशी तळ्याला भिडेल त्या दिवशी प्रलय, ही जुनी कथा. एका पोराने मोबाइलवर गव्हातून तांदूळ वजा करायला घेतला. मूळपुरुषांनी त्याला थांबवलं. "तांदूळ कंचा धरलास? आजऱ्याचा घनसाळ का बासमती?" प्रलय तेवढ्यावर लांबला.

पण त्यांची लाडकी कथा टेंबलाईची, म्हणजे त्र्यंबोलीची. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष योगदंडाने देवांच्या शेळ्यामेंढ्या करून बसला. त्र्यंबोलीने युक्तीने दंड काढून घेतला, त्याला मारलं, देव सोडवले. आणि विजयाच्या सोहळ्याचं आवतण तिलाच राहिलं! ती करवीराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला जाते, कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडीसाठी झुंबड उडते.

परवाच्या नवरात्रात गल्लीच्या मंडळाने 'करवीरच्या दंतकथा' असं व्याख्यान ठेवलं आणि मूळपुरुषांना सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी बाकावर त्यांची पाठ दिसली. गाडेवाल्याने चहा पुढे केला. पाठीने तो घेतला नाही. शेवटी मंडळाची पोरं शाल, नारळ आणि कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला एक अख्खा कोहळा घेऊन त्यांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं. कोहळा बघून त्या म्हणाल्या, "बरं झालं, सांडगे घालीन," आणि आत घेऊन गेल्या.

"आजच्या कार्यक्रमात तुम्हीच बोलायचं, काका," पोरं म्हणाली.

बऱ्याच वेळाने पाठ थोडी वळली. "वेळ किती देणार?"

"वीस मिनिटं."

पाठ पुन्हा फिरली. "वीस मिनिटांत कोल्हासूर जन्मतसुद्धा न्हाई."