दीड चौरस मीटर

वसमतला वारा असतो तेव्हा जागा नसते आणि जागा असते तेव्हा वारा नसतो. आषाढात वारा असा सुटतो की मोंढ्यातल्या दुकानांच्या पाट्या बडवल्या जातात, पण तेव्हा शिवारात घोट्याच्या वर चिखल आणि त्यात नुकतीच डोकं काढलेली हळद. ही हळद नऊ महिने रान अडवून बसते. हिवाळा सरता सरता ती निघते, मग शिजते, आणि मग मोकळी दिसेल ती प्रत्येक जागा वाळवणाने पिवळी होते. त्यातून वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे तिच्यावरून दोऱ्या ओढत पळणाऱ्या माणसाला शिव्याही आता मानांकित पडतील. चैत्र-वैशाखात रान रिकामं होतं, तर वाराच बेभरवशाचा. मध्येच वावटळ येते, फुफाटा आणि दोनचार पिशव्या घेऊन गोल फिरते आणि निघून जाते.

एवढा अभ्यास करण्याचं कारण असं, की निवृत्त झाल्यावर मी पुन्हा पतंग उडवायचं ठरवलं. संक्रांतीचा कागदी नव्हे. पॉवर काइट.

या पतंगाला कामटी नसते. कापडाचे दोन थर, मध्ये कप्पे, पुढे तोंडं उघडी. वारा आत शिरला की कापड फुगून पंखाचा आकार घेतं. डोमिना जाल्बर्ट या गृहस्थाने १९६०च्या दशकात ही युक्ती काढली आणि आजचे चौकोनी पॅराशूटही त्याच घराण्यातले. आपल्या पतंगाला आपण ओढतो, हा आपल्याला ओढतो. नोकरीची पहिली वर्षं मी अहमदाबादला होतो. तिथे १९८९पासून आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. त्यातला एक परदेशी पाहुणा परत जाताना सामानाचं वजन जास्त झालं म्हणून असा एक पतंग मला स्वस्तात देऊन गेला. पुढे लग्न झालं, वसमतला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागलो, पतंग माळ्यावर गेला आणि उंदरांनी त्याचे कप्पे वाढवले.

आता नवा घ्यायचा म्हणजे घरात विषय काढणं आलं. मी थेट पैशांवर न येता इतिहासापासून सुरुवात केली. ब्रिस्टॉलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तराने १८२६ मध्ये पतंगाने ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. गाडी ताशी तीसएक किलोमीटरने पळे आणि पथकर नाक्यावर फुकट सुटे, कारण कर घोड्यांवर होता आणि हिला घोडेच नव्हते. त्याआधी त्याने आपल्या मार्था नावाच्या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाने सुमारे ८० मीटर वर चढवलं होतं. हीच मार्था पुढे क्रिकेटमहर्षी डब्ल्यू. जी. ग्रेसची आई झाली.

"तर मास्तर लोकांची ही जुनी परंपरा आहे," मी समारोप केला.

"त्यानं पोरीला बांधून वर पाठवलं, तेव्हा तिची आई कुठं होती?" हिने विचारलं. यावर इतिहासकार काही सांगत नाहीत, म्हणून मी फ्रान्सिस रोगॅलोकडे वळलो. विमानसंशोधनात नोकरीला असलेल्या या अभियंत्याने १९४८ मध्ये बिनकामटीचा पतंग तयार केला, तो त्याच्या बायकोने स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडातून शिवून दिला होता. घरात पतिपत्नींनी मिळून केलेलं संशोधन म्हणून ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातला पडदा जागेवर नव्हता. धुवायला काढलाय म्हणाली. अजून वाळलेला नाही.

खरी पंचाईत मात्र पतंग निवडताना झाली. शिकाऊ माणसासाठी, किंवा इतक्या वर्षांनी पुन्हा शिकाऊ झालेल्या माणसासाठी, साधारण दीड चौरस मीटरचा, दोन किंवा तीन दोऱ्यांचा पतंग पुरतो. उजवा हात ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. आपटला तरी मोडायला आत काही नाही. तिसरी दोरी असेल तर आणखी बरं, कारण हातातला दांडा सोडला की सगळा भार तिच्यावर जातो आणि पतंग निमूट खाली येतो. चार दोऱ्यांच्यात ब्रेक असतात, पतंग मागेसुद्धा उडवता येतो, पण पैसे जास्त आणि गुंताही जास्त. थोडक्यात, दीडवाला साध्या मोबाइलच्या किमतीत बसतो आणि योग्यही तोच आहे.

हे वसमतमध्ये कुणालाच पटेना. स्वस्त असेल ते योग्यही असू शकतं, यावर आपल्याकडे माणसं विश्वास ठेवायला तयार नाहीत. फ्रीज घेताना, टीव्ही घेताना, मुलाला क्लास लावताना, 'थोडे पैसे टाकून वरचा घ्या' हा सल्ला आपण आयुष्यभर देत आणि घेत आलो. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, तीनचा घ्या, नंतर पुन्हा घ्यावा लागणार नाही." नंतर म्हणजे कशानंतर, ते त्याने सांगितलं नाही. मोंढ्यात अडत चालवणारे माझे मित्र, आम्ही त्यांना शेठ म्हणतो, त्यांनी तर माझ्याकडे करुणेनेच पाहिलं.

"सर, आता घ्यायलाच लागलाव तर पाचाचा घ्या की. दीड मीटरात माझा सदरा बी होत नाही."

मी त्यांना समजावलं की ओढ क्षेत्रफळाच्या पटीत वाढते आणि वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट. पाच चौरस मीटरचा पतंग घेऊन आषाढात उभा राहिलो तर तो मला औंढ्याच्या रस्त्याला लावेल. नागनाथाचं दर्शन होईल, पण चपला वसमतलाच राहतील.

"मग चांगलंच की," शेठ म्हणाले, "बसभाडं वाचलं."

दोऱ्यांचं प्रकरण वेगळंच. पंचवीसेक मीटरच्या, पांढऱ्या, बारीक आणि न तुटणाऱ्या. आता राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, ती रास्तच आहे. त्या मांजाने माणसांचे गळे आणि पाखरांचे पंख कापले जातात. माझ्या दोरीला काच नसते, ती कुणाशी पेच लावत नाही. पण ऐन जानेवारीत कुणी हटकलं, तर मी काय सांगणार? साहेब, हे नायलॉन नाही, पॉलिएथिलीन आहे. म्हणजे प्लास्टिकच ना? हो. मग चला. भौतिकशास्त्राची पदवी इथे कामाला येत नाही. उलट १९३४च्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या होती, तिच्यात पतंगही नावानिशी होता, त्यामुळे जास्त ज्ञान पाजळलं तर विनापरवाना विमान बाळगल्याचं कलमही लागायचं. पार्सल संक्रांत उलटल्यावरच मागवायचं, हा निर्णय मी एकट्याने आणि ताबडतोब घेतला.

राहिली जागा. कॉलेजच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीची पोरं धावतात, संध्याकाळी क्रिकेट. कारखाना रस्त्याला गळीत हंगामभर उसाच्या ट्रॉल्या. शिवारात जिकडेतिकडे विजेच्या तारा, आणि तारेच्या आसपास पतंग काढायचा नाही हा नियम दीडलाही लागू आणि पाचलाही. शिवाय झाडं आणि घरं यांच्या आडोशाला वारा फाटतो, पतंग वरच्या वर कोलमडतो. चांगला वारा म्हणजे पाण्यावरून किंवा सपाट जमिनीवरून अडथळ्यावाचून आलेला. असा वारा मला सापडला सिद्धेश्वर धरणाच्या काठी. उन्हाळ्यात पूर्णेचं पाणी मागे सरकतं आणि बुडीत क्षेत्रातली मोकळी जमीन उघडी पडते. झाड नाही, तार नाही, हळद नाही. संध्याकाळी पाण्यावरून येणारा वारा सुती रुमाल ताठ धरतो. रुमाल मी स्वतः धरून पाहिला. तिथे शेळ्या राखणारे एक आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "वाळला आसंल आता."

जागा ठरली, महिना ठरला, माप ठरलं. मागणी नोंदवायला बसलो तेव्हा शेठ समोरच होते. आमच्याकडे चहाला आले की ते खुर्ची आधी हाताने दाबून पाहतात आणि मगच बसतात, एवढं त्यांच्या वजनाबद्दल सांगितलं तरी पुरे. मी दीडवर बोट ठेवलं. ते पडद्याकडे सरकले.

"दोन मागवा," म्हणाले. "तुमचा दीडचा, माझा पाचाचा."

"शेठ, उडवता येतो का तुम्हाला?"

"तुम्ही शिकवाल की. मास्तर आहात ना." मग जरा विचार करून त्यांनी चष्मा वर केला. "पन पक्कं बिल मिळंल का? जीएसटीचं?"