लोखंडाला कान असतो?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या भट्ट्या येतात. गाडीच्या काचेवर बोट फिरवलं की प्रदेशाची औद्योगिक प्रगती बोटाला लागते. या भट्ट्यांनी एखादा गायक पोसल्याचं मात्र ऐकिवात नाही.

गायकाचा आणि लोखंडाचा संबंध काय, असं विचाराल तर पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत चला. बामाकोच्या स्टेशनातल्या हॉटेलात १९७० साली सरकारी रेल्वेच्या आश्रयानं 'रेल बँड' उभा राहिला आणि सालिफ केइता त्यात गाऊ लागला. हा माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंदियाताचा वंशज. तिकडे गाणं हे ग्रियो म्हणजे भाटांचं काम. राजवंशातल्यानं गळा मोकळा केला की कुळाची अब्रू गेली. त्यात जन्मजात पांढरी कातडी, म्हणजे अपशकुनी. घरानं झिडकारलं, रेल्वेनं माईक दिला. १९८७च्या 'सोरो' या अल्बमनं तो जगभर पोचला.

आता भिलाईला या. तीजनबाई पारधी समाजातल्या. आजोबांकडून पंडवानी, म्हणजे गाऊन सांगायचं महाभारत, उचलली, तेराव्या वर्षी चंद्रखुरीत पहिला कार्यक्रम केला, बिदागी १० रुपये. बाईनं गायचंच तर बसून, वेदमती शैलीत, असा दंडक. तीजनबाई कापालिक शैलीत उभ्या राहिल्या आणि तंबुऱ्याची गदा केली. समाजानं बाहेर काढलं. (तिकडे राजवंशातला म्हणून गायचं नाही, इकडे बाई म्हणून उभं राहून गायचं नाही. अडवणाऱ्याला कुठलंही कारण पुरतं.) भिलाई पोलाद कारखान्यानं त्यांना नोकरी दिली. २०१९ साली पद्मविभूषण झाल्या.

म्हणजे सरकारी पोलादाला कान होता. खासगी स्पंज आयर्नचं काय? २०१३चा कंपनी कायदा मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायला सांगतो, आणि त्या कामांच्या यादीत पारंपरिक कलाही आहे. पण पाणपोईवर कंपनीचं नाव ठळक रंगवता येतं. द्रौपदीच्या वस्त्रहरणावर कुठे रंगवणार?

तरी सिलतऱ्याच्या मालकांनो, पंडवानी गाणारी एखादी मुलगी हजेरीपटावर घ्याच. तिला भट्टीवर उभी करू नका, गावोगावी गाऊ द्या. आणि पगार वेळेवर द्या.