डब्याचं गोत्र

चिपळूणच्या घराचा माळा उपसला तेव्हा १९ डबे निघाले. मी भंगारवाल्याला हाक मारणार, तोच बायको म्हणाली, "अँटिक आहेत! आधी कशाकशाचे आहेत ते शोध."

आता आमच्या घरात डब्यावर लिहिलेलं आत कधीच नसायचं. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, बोर्नव्हिटाच्या डब्यात मेतकूट, रॉकेलच्या चौकोनी डब्यात तांदूळ. तरी मी चष्मा पुसून बसलो. किंमत आण्यांत असेल तर डबा १९५७ च्या आधीचा. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ मधला. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा, म्हणजे माझ्यापेक्षा लहान. त्याला मी अँटिक म्हणू दिलं नाही.

अक्षरं गंजली होती तिथे नाक लावलं. एका चपट्या डबीला पन्नास वर्षं कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं, पण झाकण उघडताच कळलं की हिंग तिला आधीच लागलेलं आहे. तो वास माझ्या मिशीत दोन दिवस मुक्कामाला होता.

अडलं ते डालड्याच्या दोन डब्यांपाशी. तेच ताडाचं झाड, तोच पिवळा रंग. डालडा १९३७ साली आला. 'डाडा' नावाच्या परदेशी वनस्पती तुपात लीव्हर कंपनीने आपला 'ल' घुसवला, त्याचं डालडा झालं, ही माहिती मी बायकोला मोठ्या ऐटीत दिली. तिने शांतपणे विचारलं, "दोन्ही डालड्याचेच. मग शोधायचं काय?"

शोधायचं हे होतं, की डालडा संपल्यावर यांतल्या एका डब्यात आजी बेसनाचे लाडू ठेवायची आणि दुसरा पहाटे आजोबांबरोबर परसाकडे जायचा. कुठला कुठे, हे कुठल्याच डब्यावर छापलेलं नव्हतं. मी बायकोला काही बोललो नाही. दोन्ही डबे चिंचेने घासले, उन्हात वाळवले. एकाला तारेची कडी होती. "किती गोड हँडल आहे!" म्हणत बायकोने तो पुण्याला आणला आणि जेवणाच्या टेबलावर चमचे ठेवायला घेतला.

गुढीपाडव्याला आत्या आली. वय ८८, पण डोळे ठणठणीत. पान वाढलं, श्रीखंडाची वाटी पुढे गेली. चमच्यासाठी तिचा हात डब्याकडे गेला आणि कडीपाशी थबकला.

"बाळ्या, ही कडी तुझ्या आजोबांनी बसवली होती हो," ती म्हणाली.

"अय्या, आजोबांच्या हातची!" बायको हरखली. "कशासाठी, आत्या?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी वरणभातात तोंड घातलं.

"विहिरीपासून लांब न्यावा लागायचा ना," आत्या म्हणाली आणि श्रीखंड बोटाने चाटू लागली.