आधी रक्त तपासा, मग बरणी उघडा

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या चौकाजवळच्या कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये शिरा. औषधं मागच्या कपाटात असतात आणि काउंटरवर रंगीत बरण्या. पोटासाठी प्रोबायोटिक, मेंदूसाठी जिन्को, नसांसाठी बी-कॉम्प्लेक्स, केसांसाठी बायोटिन. ओएमआरच्या, म्हणजे ओल्ड महाबलीपुरम रोडच्या, या पट्ट्यात हजारो माणसं दिवसाचे नऊ-दहा तास एसीत, खुर्चीत आणि स्क्रीनसमोर काढतात. त्यांत पुण्या-नागपूरहून आलेली मराठी मंडळीही भरपूर आहेत. त्यांचा थकवा खरा आहे, पोटाची तक्रारही खरी आहे. म्हणूनच त्यांना खरं उत्तर मिळायला हवं, आणि ते या बरण्यांमध्ये क्वचितच असतं.

बरणी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. औषधी उपयोगासाठी नाही, असं तिथे छापलेलं असतं. आपल्या कायद्यात हे पूरक पदार्थ अन्नात मोडतात. एफएसएसएआयच्या २०१६ च्या नियमांनी ते स्पष्ट केलं. नव्या औषधाला रुग्णांवर चाचण्या करून गुण सिद्ध करावा लागतो, तसं बंधन या बरणीवर नाही. पुढच्या बाजूला मेंदूचं मोठं चित्र आणि मागच्या बाजूला ही बारीक ओळ, याला माझा साफ आक्षेप आहे. ती ओळ पुढे आणि मोठ्या अक्षरांत हवी.

आता एकेक बरणी घेऊ.

जिन्को. अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ जणांना सरासरी सहा वर्षं जिन्को किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली गेली. निष्कर्ष २००८ साली आला: जिन्कोने स्मृतिभ्रंश टळला नाही. इतक्या मोठ्या चाचणीनंतरही ती गोळी स्मरणशक्तीच्या नावाने विकली जाते.

प्रोबायोटिक. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सगळा पुरावा तपासला. वारंवार पोट बिघडण्याच्या आयबीएस या त्रासासाठी प्रोबायोटिक फक्त संशोधनापुरतं वापरावं, असं तिने सांगितलं. त्याआधी २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांना वेगळीच गोष्ट आढळली. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू परत यायला उलट उशीर झाला. काही ठरावीक आजारांत, ठरावीक जिवाणूंचा उपयोग होतो. तो डॉक्टरांनी ठरवायचा. रोज एक कॅप्सूल सगळ्यांनी घ्यावी, असा सल्ला त्यातून निघत नाही.

बी-६. नसांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत हे असतं, आणि जास्त झालं तर हेच नसांना इजा करतं. भरमसाट मात्रा घेणाऱ्यांचे पाय बधिर झाले, चाल अडखळली, हे १९८३ सालापासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. दोन-तीन वेगवेगळ्या बरण्या एकदम चालू असतील तर प्रत्येकीतल्या बी-६ ची बेरीज करून बघा.

बायोटिन. मोठ्या मात्रेत घेतलं तर थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या रक्तचाचण्या चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला. केसांसाठी घेतलेली गोळी हृदयाचा अहवाल बिघडवू शकते, हे काउंटरवर कोण सांगतं?

डी जीवनसत्त्वाचं साठ हजार युनिटचं पाकीट आठवड्याला एक, ठरावीक आठवडे, असं डॉक्टर लिहून देतात. तेच पाकीट महिनोन् महिने स्वतःच्या मनाने चालू राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर भार येतो.

मग सगळीच जीवनसत्त्वं टाकाऊ का? मुळीच नाही. बी-१२ ची कमतरता आपल्या घरात ठाण मांडून बसली आहे आणि तिच्याकडे आपलं लक्ष नाही, हे मला सगळ्यांत जास्त बोचतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले ४४१ पुरुष त्यांनी तपासले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. पैसा, शिक्षण, फ्रीज सगळं असलेल्या घरांत सगळ्यांत मोठी उणीव! कारण सरळ आहे. बी-१२ जिवाणू तयार करतात. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळतं, धान्य-भाज्यांतून नाही. शाकाहारी माणसाचा सगळा भार दुधावर, आणि चहातल्या चार चमचे दुधाने तो पेलत नाही.

याचा संबंध पोट आणि नसा या दोन्हींशी आहे. जठरात तयार होणारं एक प्रथिन बी-१२ ला सोबत घेऊन लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं, तिथे ते रक्तात शिरतं. जठर थकलं, आम्ल कमी झालं, की ही वाट अडते. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसारखी औषधं वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ घटू शकतं. आणि बी-१२ शिवाय मज्जातंतूंचं आवरण झिजतं. पायांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, तोल जातो, विसरायला होतं, चिडचिड वाढते.

आता शोळिंगनल्लूरच्या इमारतींत नातवंडं सांभाळायला आलेल्या आजी-आजोबांकडे बघा. साठी-सत्तरी उलटलेली, जन्मभर शाकाहारी, मधुमेहाची गोळी चालू, अ‍ॅसिडिटीची गोळी चालू. चारही कारणं एका माणसात एकत्र. आजी म्हणते, पायांना झिणझिण्या येतात. मुलगा म्हणतो, आई, वय झालं. सून ऑनलाइन एक महागडी बरणी मागवते. तिघांच्याही मनात माया आहे, पण रक्त कुणीच तपासत नाही. नसांची इजा फार दिवस तशीच राहिली तर ती पूर्ण भरून येत नाही.

बी-१२ चा संबंध अ‍ॅनिमियाशीही आहे, आणि या विषयाचा अर्धा इतिहास याच चेन्नई शहरात आणि आपल्या मुंबईत घडला आहे. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये भारतात आली. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना जीवघेणा अ‍ॅनिमिया का होतो, याचा शोध तिने परळच्या हाफकिन संस्थेत राहून घेतला. तिने त्या बायकांचा आहार तपासला, रक्त तपासलं, आधी प्राण्यांवर प्रयोग केले आणि मग यीस्टच्या स्वस्त अर्काने बायका बऱ्या केल्या. १९३१ मध्ये ती मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयात काम करत होती. तेच आजचं ट्रिप्लिकेनचं कस्तुरबा गांधी रुग्णालय. त्या अर्कातला घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले होते. ही कामगिरी १९४५ ची.

त्या शोधातूनच एक कठोर धडा मिळाला. बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर अ‍ॅनिमिया सुधारतो, चेहऱ्यावर लाली येते, आणि आत नसांची झीज चालूच राहते. रोग लपतो आणि वाढतो. म्हणून नेमकं काय कमी आहे हे न बघता गोळी घेणं हा नुसता पैशाचा अपव्यय नाही, तो धोका आहे.

आधी पारखून मग औषध देण्याची रीत इथे जुनी आहे. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी दोनशे वर्षांपूर्वी धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य पद्धतींचे वैद्य औषधं पारखत आणि रुग्णांच्या नोंदी लिहून ठेवत. मराठी राजाने तमिळ मुलखात घालून दिलेली ही शिस्त आपण ओएमआरवर विसरू नये.

पोटाची काळजी वाटते ना? तमिळ शेजाऱ्यांच्या ताटाकडे बघा. तयिर सादम म्हणजे दहीभात. रात्रभर पाण्यात आंबवलेला भात म्हणजे पळैय सोरु. चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आतड्याच्या आजारांच्या संदर्भात त्याचा अभ्यास हाती घेतला. आपल्याकडे ताक आहे, आंबील आहे. जोडीला डाळी, उसळी, पालेभाज्या, कारण आतड्यातले जिवाणू तंतूंवर जगतात. घरचं दही हे औषध नाही, पण ते रोजचं चांगलं अन्न आहे आणि त्यात थोडं बी-१२ ही आहे.

आणि करायचं ते एवढंच. बी-१२ ची रक्ततपासणी गोळी सुरू करण्याआधी करा. गोळी घेतल्यावर आकडा वर जातो आणि मूळ कारण झाकलं जातं. कमतरता निघाली तर डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्या. उपचार साधा आणि स्वस्त आहे. मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. घरात चालू असलेल्या सगळ्या बरण्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा, एकही लपवू नका. कंपन्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत बी-१२ नसेल तर एचआरकडे मागणी करा, आणि आई-वडिलांसाठीही करा.

आईच्या पायांच्या मुंग्यांना वयाचं नाव देऊन मोकळे होऊ नका. या आठवड्यात तिला प्रयोगशाळेत घेऊन जा.