आउटबॅकमध्ये गाडी शास्त्रशुद्ध कशी तापवावी

अ‍ॅडलेडहून उलुरूला वेळेवर कोणीही पोचतो. स्टुअर्ट हायवेवर रेडिएटर उकळवून सहकुटुंब रस्त्याकडेला बसायचे, तर पूर्वतयारी लागते.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. जाणकार मंडळी जून-जुलैच्या थंडीत जातात. आपण जानेवारी धरावा. शाळांना सुट्टी असते, पुण्याहून सासूसासरे आलेले असतात, आणि याच भागातल्या ऊडनाडट्टाला 2 जानेवारी 1960 रोजी 50.7 अंश तापमान नोंदले गेले आहे. निघताना गाडी धुवावी, नारळ फोडावा. बॉनेट मात्र उघडू नये. कूलंट कमी वाटलेच तर वाटेत बोअरचे खारे पाणी भरावे. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरायला ते उत्तम.

एवढ्यानेही गाडी हीट घेत नसेल, तर डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागावे, शक्यतो मधोमध कमरेएवढे गवत माजलेल्या. त्याच्या बिया ग्रिलमधून शिरतात आणि रेडिएटरच्या बारीक पत्र्यांत एकेक करून अशा रुततात, की हवेला वाटच उरत नाही. काही भित्री माणसे पुढे बारीक जाळी बांधतात आणि मुक्कामाला पोचल्यावर ती झटकतात. त्यांच्या नादी लागू नये.

मग काटा वर सरकू लागतो. “चढ आहे ना,” असे म्हणावे. चारी दिशांना पोळपाटासारखे सपाट असले तरी म्हणावे. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला, तर इंजिनाची थोडी उष्णता गाडीच्या आत येते आणि काटा उतरू शकतो. उपाय खरा आहे. तो सुचवणाऱ्याशी मागच्या सीटवरची मंडळी पुढे बोलत नाहीत, एवढेच.

बॉनेटमधून वाफ निघाली, की येणारी-जाणारी गाडी थांबते. या मुलखाची तशी रीत आहे. एक जण थर्मोस्टॅट म्हणतो, दुसरा वॉटर पंप. तिसरा गळती बुजवायला अंड्याचा पांढरा बलक घालायला सांगतो. अशा वेळी सासरेबुवांनी आपल्या ट्रकवाल्यांच्या हळदीचा दाखला द्यावा आणि डब्यातली हळद काढायला लावावी. एवढ्यात पन्नासेक मीटर लांबीची रोड ट्रेन धडधडत जाते आणि दशम्यांवर लाल धूळ बसते. चटणी समजून खावी.

शेवटी टो होऊन कूबर पीडीला जावे. पार्ट अ‍ॅडलेडहून यायचा असतो, म्हणजे साडेआठशे किलोमीटरवरून, आणि मध्ये शनिवार-रविवार आलेला असतोच. तोवर जमिनीखालच्या खोलीत राहावे. बाहेर कितीही तापले तरी आत गारवा असतो. 1915 साली विली हचिसन या 14 वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडले, तेही पाणी शोधताना. तुम्हीही पाणीच शोधत आहात, तेव्हा डोळे उघडे ठेवावेत.

आता दोन गोष्टी गंमत सोडून. रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत झाकण फिरवू नका. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उसळून तोंडावर येते. आणि मदत शोधायला गाडी सोडून चालत निघू नका. विमानातून शोधणाऱ्यांना गाडी दिसते, माणूस दिसत नाही.