मोकळा दिवस

परदेशाची सहल ठरली की घरातल्या प्रत्येकाच्या मनात आपापली एक वेगळी सहल शिजू लागते. कुणाला बाजार पालथे घालायचे असतात, कुणाला फोटो काढायचे असतात, कुणाला नुसतं झोपायचं असतं. हे सगळं चारचौघांत सांगता येतं. गळवाल्या माणसाची पंचाईत वेगळी. एवढे पैसे मोजून जपानला जायचं आणि तळ्याकाठी गळ टाकून बसायचं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून तो सांगत नाही. तो कार्यक्रम आखायला मदत करतो.

आमच्या सोसायटीतले गळवाले काका म्हणजे या जातीचे मेरुमणी. बँकेतून निवृत्त, घराणं सात पिढ्यांचं शाकाहारी. रविवारी पहाटे पवना नाहीतर मुळशी गाठायची आणि दिवेलागणीला रिकाम्या हाताने पण प्रसन्न चेहऱ्याने परतायचं, हा नेम. ‘काय काका, मिळालं का काही?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘मरळ होती. चांगली दोन किलोची. दिली सोडून.’ फोटोचं विचारलं तर हात ओले होते. आमच्यात खात नाहीत, त्यामुळे मासा घरी का आणला नाही हा प्रश्न उद्भवतच नाही. धरायचा आणि सोडून द्यायचा. खेळही झाला आणि पुण्यही पदरात पडलं.

यंदा मुलीने आणि जावयाने जपानचा घाट घातला. मुलीने एक्सेल शीट केली, सगळ्यांना पाठवली. क्योतोला पाच दिवस, त्यातला चौथा रकाना रिकामा आणि वर लिहिलेलं ‘मोकळा दिवस’. काकांनी त्या रकान्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांनी स्वतःच्या पेन्शनच्या कागदांकडेही पाहिलं नसेल. कारण क्योतोच्या शेजारी, गाडीने जेमतेम दहा मिनिटांवर ओत्सु, आणि ओत्सुला बिवा सरोवर. जपानातलं सर्वांत मोठं, पावणेसातशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं. आणि त्याच्या पोटात लार्जमाउथ बास हा मासा.

बास म्हटलं की काकांचा आवाज कीर्तनकारासारखा खाली येतो. ‘१९३२ साल. अमेरिकेतलं जॉर्जिया. जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी पोरगा. पावसाने शेतात काम नाही म्हणून गेला तळ्यावर आणि बावीस पौंड चार औंसांचा बास काढला. जागतिक विक्रम! आणि मासा कुठे गेला? घरच्यांनी खाल्ला!’ इथे थोडं थांबायचं, ऐकणाऱ्याला हळहळायला वेळ द्यायचा. ‘सत्त्याहत्तर वर्षं कुणाला जमलं नाही. मग २००९ साली मानाबू कुरिता. बिवा सरोवर! दहा किलो एकशेवीस ग्रॅम. पेरीपेक्षा औंसभर जास्त भरला, पण नियम असा की विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात. म्हणून बरोबरी. आणि त्या बिचाऱ्याला खरं बोलतोय की नाही म्हणून पॉलिग्राफच्या यंत्राला बसवलं!’ यंत्राचा उल्लेख आला की काका विषय बदलतात.

बास दर वेळी एकाच आमिषाला लागत नाही. पाणी गढूळ असेल तर खणखणणारं, स्वच्छ असेल तर रबरी गांडूळ, थंडी असेल तर तळाशी हळूहळू ओढायचं. हे शास्त्र काकांनी पवनेवर किती वापरलं देव जाणे, पण घरात मात्र अचूक वापरलं. जावयाला सायकलचा नाद. त्याच्या कानावर आलं की बिवाला सायकलने प्रदक्षिणा घालतात, ‘बिवाइची’ म्हणतात तिला, सुमारे दोनशे किलोमीटर. जावई त्याच रात्री सायकली भाड्याने कुठे मिळतात ते शोधायला लागला. म्हणजे तो दिवसभर गेला. मुलीला फोटो हवेत. तिला दाखवलं काइझु-ओसाकी, उत्तर काठावर चार किलोमीटर चेरीची रांग. ‘क्योतोपेक्षा जरा उशिरा फुलते, आपण जाऊ तेव्हा बहरात असेल,’ असं बाबांनी सांगितल्यावर तिचे डोळे भरून आले. बाबांना फुलांची इतकी आवड आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की पाणी तापू लागलं की बासच्या अंडी भरलेल्या जड माद्या उथळ पाण्यात काठाला येतात आणि चेरीला नेमका तोच मुहूर्त सापडतो. सहलीची तारीख काकांनी माशाची पत्रिका पाहून काढली होती.

राहिल्या काकू. काकू मालवणच्या, लग्न होऊन शाकाहारी घरात आलेल्या. त्यांच्यासाठी काकांनी राखून ठेवलेलं आमिष निघालं थेट देवघरातून. ‘अगं, बिवाच्या उत्तर भागात चिकुबु नावाचं बेट आहे. तिथे सरस्वतीचं देऊळ आहे. आपलीच सरस्वती, तिकडे बेन्झाइतेन म्हणतात. हातात वीणेसारखं वाद्य. बोटीने जाता येतं.’ काकूंनी भाजी निवडता निवडता विचारलं, ‘आणि तुम्ही?’ काका म्हणाले, ‘मी कातातालाच थांबेन. तिथे पाण्यावर तरंगल्यासारखं एक देऊळ आहे, उकिमिदो. निवांत बसेन म्हणतो.’ बिवाचा मोठा पूल तिथून जवळच, आणि कुरिताने तो मासा त्याच पुलाच्या परिसरात काढला होता, हे सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही.

सामानाची बांधाबांध हा स्वतंत्र अध्याय. काकांची प्रवासी काठी पाच तुकड्यांची, ती छत्रीच्या पिशवीत छत्रीचं सोंग घेऊन बसली. गळ विमानात हातातल्या सामानात चालत नाहीत, ते मोठ्या बॅगेत गेले पाहिजेत, आणि मोठ्या बॅगेवर काकूंचं राज्य. काकांनी तोड काढली. रक्तदाबाच्या गोळ्यांचा तो सात कप्प्यांचा डबा असतो ना, तसा एक जादा विकत घेतला. सोमवारच्या कप्प्यात बारीक गळ, मंगळवारच्या कप्प्यात मोठे, बुधवारी शिशाची वजनं, गुरुवारी फिरक्या, शुक्रवारी जांभळ्या चकाकीची रबरी गांडुळं गुंडाळी करून. शनिवार-रविवार खऱ्या गोळ्या, संशय नको म्हणून. डबा औषधांच्या पिशवीत, पिशवी बॅगेत. आता फक्त शुक्रवारी सकाळी चष्म्याशिवाय डबा उघडायचा नाही, एवढं पथ्य.

घोळ झाला तो मुलीच्या चौकसपणामुळे. फुलांची माहिती काढता काढता तिला सरोवराची सापडली आणि ती रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना वाचून दाखवू लागली. बिवा सरोवर चाळीस लाख वर्षांचं, इथल्या कितीतरी जाती जगात दुसरीकडे नाहीत. बास मुळातला अमेरिकेचा, १९२५ साली जपानात पहिल्यांदा आशी सरोवरात सोडला, पुढे तो बिवातही पोचला आणि त्याने स्थानिक माशांचा फडशा पाडला. ‘आणि तो ब्लूगिल मासा?’ काका न राहवून बोलले. ‘तो तर १९६० साली खुद्द युवराजांना शिकागोच्या महापौरांनी भेट दिला होता!’ मुलगी म्हणाली, ‘हो, आणि २००७ साली बादशहा म्हणून त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पण बाबा, तुम्हाला हे कसं माहीत?’ काकांनी ताकाचा पेला तोंडाला लावला.

पेला खाली येईपर्यंत पुढचं वाक्य येऊन आदळलं होतं. बिवा ज्यात येतं त्या शिगा प्रांताचा २००३ पासून नियम आहे, की बिवात धरलेला बास परत पाण्यात सोडायचा नाही. काठावर पेट्या ठेवल्या आहेत, त्यांत टाकायचा. जिवंत दुसरीकडे नेणं तर देशाच्या कायद्यानेच बंद.

काकांचा चेहरा असा उतरला, की जावयाने पाणी आणलं. ‘सोडायचा नाही म्हणजे?’ ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. इतकी वर्षं ज्या दोन शब्दांवर सगळं दुकान चाललं, ते ‘दिला सोडून’ तिथे बेकायदा होते. बिवाच्या काठी फक्त दोनच उत्तरं संभवत होती. हा बघा मासा, किंवा नाही मिळाला. तिसरं उत्तर शिगाच्या विधिमंडळाने काढून घेतलं होतं.

‘मग काय करायचं त्या माशाचं? आपल्यात तर कुणी खात नाही,’ काका शेवटचा दोर धरून म्हणाले. मासा धरण्याचा बेत आपण आत्ताच भर जेवणात कबूल केला, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

काकूंनी शांतपणे भाताचा घास संपवला. ‘आपल्यात म्हणजे तुमच्यात,’ त्या म्हणाल्या. ‘तिथल्या संग्रहालयाच्या उपाहारगृहात बासचा टेम्पुरा भातावर घालून देतात, वाचलंय मी. वास असतो तो कातडीला, ती सोलली की झालं. क्योतोला हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, असा मी हट्ट उगाच नाही धरला. तिरफळं घेतली आहेत, माहेरचा मसाला घेतलाय. आणि तुमच्या त्या गोळ्यांच्या डब्यातला शुक्रवार जरा मोठा करा, त्या गांडुळांना घड्या पडतायत.’

जेवण झाल्यावर काका बराच वेळ गॅलरीत येरझारा घालत होते. मी खालून हाक मारली, ‘काय काका, तयारी झाली का?’ काका कठड्यावरून वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, ‘तुमच्या ओळखीत कुणी खरोखर मासे धरणारा आहे का हो? चार दिवस शिकवणी लावीन म्हणतो.’