कोपऱ्यावरच्या काकांचा चेक

"ऐकलंस का गं, कोपऱ्यावरच्या काकांचा चेक गेला!"

"गेला म्हणजे? बाउन्स झाला?"

"बाउन्स परवडला असता. चोरीला गेला! जानेवारीतला टॅक्सचा हप्ता रात्री पोस्टाच्या निळ्या पेटीत टाकून आले होते. आता रिटर्न भरायला बसले, तर सरकारदरबारी हप्ता जमाच नाही. बँकेत बघावं तर पैसे केव्हाच वळते झालेले, आणि चेकवर नाव कुणा भलत्याचंच!"

अमेरिकेतल्या आमच्या एडिसनमध्ये एप्रिल आला की कुंपणापाशी टॅक्सखेरीज दुसरं बोलणं नसतं. एरवी शेजारच्या काकू सुनांवर घसरतात. १५ तारीख उलटेपर्यंत तेवढी सुनांना सुट्टी.

"पण नाव बदललं कसं?" काकूंनीच विचारलं.

"धुतात काकू. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन असतं ना, त्यात. सही तेवढी झाकायची, बाकीची शाई उतरली की हवं ते नाव, हवी ती रक्कम. जेल पेनची शाई कागदात मुरते, ती सहजी निघत नाही."

"काकांचं पेन कुठलं, तर कुठल्याशा दुकानात फुकट मिळालेलं! पण पेटीला कुलूप असतं की."

"किल्लीच पळवतात. पोस्टमनकडे ॲरो की असते, एका किल्लीने त्या भागातल्या कितीतरी पेट्या उघडतात. त्या किल्लीसाठी पोस्टमनना लुटतात."

मी बँकेत आहे, त्यामुळे हे रोज कानावर पडतं. अर्थखात्याच्या फिनसेन विभागाने २०२३च्या फेब्रुवारीत आम्हा बँकवाल्यांना इशारा पाठवला होता. चेकच्या फसवणुकीचे रिपोर्ट २०२१ मध्ये साडेतीन लाखांवर होते, ते २०२२ मध्ये ६,८०,०००च्या पुढे गेले.

"अगं बाई! तरी काका म्हणतात, ऑनलाइन नको, आपला खातेनंबर कुणाच्या हाती लागायचा."

"आणि चेकच्या तळाशी काय छापलेलं असतं? खातेनंबर, राउटिंग नंबर. वर घरचा पत्ता, खाली सही. टॅक्सच्या चेकवर तर सोशल सिक्युरिटी नंबरही लिहायला लावतात. एवढं सगळं एका पाकिटात घालून रात्रभर रस्त्यावर ठेवायचं?"

काकू गप्प. पण दोनच सेकंद.

"ते खरं गं, पण मला त्या फोनचीच धास्ती बसलीय. आमच्या ह्यांना नव्हता आला? 'आयआरएसमधून, टॅक्सखात्यातून बोलतोय, तासाभरात पैसे भरा, नाहीतर पोलीस दारात.' हे घाबरून पाकीट शोधायला लागले. मला त्या पोराचं इंग्रजी ऐकून संशय आला. फोन घेतला आणि सरळ मराठीत झाडला. फट्कन ठेवला त्याने!"

"मीरा रोडचाच असेल."

"असेल काय, होताच! २०१६च्या ऑक्टोबरात ठाण्याच्या पोलिसांनी तिथल्या असल्या कॉल सेंटरांवर धाड घातली, सातशेवर पोरं ताब्यात घेतली. माझी बहीण भाईंदरला राहते. तिला पेपर वाचून कळलं की आपल्या मेव्हण्याला कोण छळत होतं! गिफ्ट कार्डं आणायला लावायचे म्हणे लोकांना."

"म्हणजे बघा, तुम्ही तरी कुठे ऑनलाइन पैसे भरत होता? साधा फोन होता. असं कुणी आपल्याकडे येऊन पैसे मागायला लागलं, की समजायचं काळंबेरं आहे. फोन असो, मेसेज असो, ईमेलमधली लिंक असो. आपण होऊन आयआरएसच्या साइटचा पत्ता टाइप करायचा, शेवटी डॉट गव्ह बघायचं, आणि डायरेक्ट पे. आधीच्या एखाद्या रिटर्नवरची माहिती विचारून ओळख पटवतात, बँकेतून पैसे परस्पर जातात, फी नाही. पुढची तारीख घालून ठेवता येते आणि मन बदललं तर कामकाजाचे दोन दिवस आधीपर्यंत रद्दही करता येतं. कार्डाने मात्र भरू नका, मधले लोक फी घेतात."

"आणि काही चुकलं तर?"

"चुकतंच कधीकधी. आमच्या नणंदेने घाईत वर्षच चुकीचं निवडलं. पैसे बुडाले नाहीत, पण ते योग्य वर्षात टाकून घ्यायला फोनवर तासन्‌तास तेच ते संगीत ऐकत बसली. पोचनंबर जपला होता म्हणून निभावलं. काकांकडे काय आहे? पेटीत टाकल्याची आठवण!"

"तरी ते चेकच लिहिणार बघ. त्यांचा हट्ट."

"मग निदान पोस्टाच्या खिडकीवर जाऊन सर्टिफाइड मेलने पाठवू देत, शिक्का डोळ्यांदेखत मारून घेऊन. शिक्का १५ तारखेचा असला तर वेळेत धरतात. पण आता पोस्टच म्हणतंय, पेटीतल्या पत्रावर टाकलेल्या दिवसाचाच शिक्का पडेल असं नाही. आणि नाव 'युनायटेड स्टेट्स ट्रेझरी' असं पुरतं लिहायचं. नुसतं आयआरएस लिहिलं तर 'आय'चा 'एम' करून कुणीतरी मिसेस आपलं आडनाव जोडते!"

काकू खो खो हसल्या. "एवढा टॅक्स एका बाईला? पण २०२५च्या सप्टेंबरपासून सरकार स्वतः परताव्याचे चेक बंद करत आणतंय म्हणतात."

"हो, त्याच वर्षी मार्चमध्ये हुकूम निघाला होता. लोकांकडून चेक अजून घेतात, पण स्वतः द्यायला नको वाटतं!"

"आमचं बाई बरं आहे. हे बँकेच्या ॲपमधून पाठवतात. बिल पे. पोस्टाची भानगडच नाही."

"टॅक्ससुद्धा बिल पेनेच?"

"म्हणजे काय! बटण दाबलं की झालं."

"काकू, त्यातले कितीतरी पैसे बँक कागदाचा चेक छापून पोस्टानेच पाठवते. बटण तुम्ही दाबता, पाकीट मात्र त्याच पोस्टातून फिरतं."

काकूंनी हातातली खुरपी तिथेच टाकली.

"अहो! अहो, ऐकलंत का? ते ॲप उघडा आधी! नाही, चहा नंतर!"